गाण्याचं उद्यापन

"जे सगळ्यांत जास्त आवडतं, तेच सोडायचं. नावडतं सोडण्यात कसलं आलंय पुण्य?"

आप्पा हे म्हणाले तेव्हा त्यांच्या ताटात कांदाभजी होती. माझे सासरे ते. कांदेनवमीचा दिवस होता. लगोलग चातुर्मास लागायचा, आणि आमच्या घरात त्या जेवणाला प्रत्येकाचा नियम ठरायचा. सासूबाई, म्हणजे माई, कांदालसूण सोडायच्या. आप्पा स्वतः दरवर्षी पडवळ सोडायचे. पडवळ त्यांना कितपत आवडतं, हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

"मग मी काय सोडू, आप्पा?"

त्यांनी भजं मोडलं, आतली वाफ जाऊ दिली आणि म्हणाले, "गाणं."

माझ्या नवऱ्यानं ताटावरून मान वर केली आणि परत खाली घातली. ते साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाळीवर असायचे. घरात काही वाद निघाला की ते तिथं बसूनही पाळीवर गेल्यासारखे दिसायचे.

नियमांची मला धास्ती नव्हती. लग्न होऊन त्या वसाहतीत आले तेव्हापासून पहाटे तुळशीला पाणी, पोथीचा अध्याय, देवापुढे जपाची माळ, हे सुरू होतं. आजही सुरू आहे. आवाज चढवून बोलणं मला जन्मात जमलं नाही. त्यामुळे मला काहीही सांगितलं तरी मी 'बरं' म्हणणार, असं सगळे धरून चालायचे.

पण गाणंच का, ते सांगते.

आमच्या मागच्या ओळीत मंगल राहायची. तिचा नवरा दिलीप कारखान्याची जीप चालवायचा. दुपारी धान्य निवडायला ती सूप घेऊन आमच्या मागच्या पायरीवर यायची, आणि निवडता निवडता आमची कॅसेटींची देवाणघेवाण चालायची. नुसती कॅसेट नाही द्यायची, ती कशी ऐकायची तेही सांगायचं, असा आमचा रिवाज पडला होता. माझ्या माहेरच्या गावात एक भजनी बुवा होते, त्यांची कॅसेट मी तिला दिली. म्हटलं, "पहाटे लाव. चुलीवर दूध ठेवलं असताना."

चार दिवसांनी तिनं ती परत आणली.

"ऐकलीस?"

"ऐकली की. आवाज ग्वाड हाय बुवांचा. पर वैनी, राग मानू नका. तुमचे बुवा देवाला हाक मारत्यात आन् वाटच बघत न्हाईत. हाक मारली की लगी दुसरं कडवं. देवानं 'ओ' म्हणायचं कवा?"

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. कारण ते खरं होतं. इतकी वर्षं ऐकत होते आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"आता ही घ्या," तिनं पदराखालून एक कॅसेट काढली. वेष्टनावर फेटा बांधलेला ढोलकीवाला आणि शेजारी नाकात नथ घातलेली बाई. 'हौसा भाळवणीकर. बैठकीच्या लावण्या.' "पहिली बाजू काम करता करता ऐकली तरी चालंल. दुसऱ्या बाजूचं दुसरं मातूर हात मोकळं ठिवून ऐका."

मी हात मोकळे ठेवून ऐकलं. बाई दारात बसलीय, वेणीफणी झालीय, माणूस यायचाय. एवढंच गाणं. पण एका जागी ढोलकी थांबते आणि बाई नुसती एका सुरावर थांबून राहते. काहीच म्हणत नाही, सूर सोडतही नाही. पायरीवर पाऊल वाजतं का ते ऐकत असल्यासारखी. माझ्या अंगावर काटा आला. रोज माळ ओढते, पण मी अशी थांबले होते का कधी देवापुढे? मी परत लावलं. परत तिथंच काटा आला.

दुसऱ्या दिवशी मंगल आली, तर मी तिला आत स्वयंपाकघरात नेलं, टेप लावला आणि ती जागा आली तशी बोट वर केलं. "ही. ही जागा."

मंगलचे डोळे भरले. "आयची ती. माजी आय गाती."

तेवढ्यात आप्पा दत्ताच्या देवळातून आले. पुढच्या खोलीत चपला काढल्याचा आवाज आला, आणि मग दारात ते स्वतः. कारखान्यात भांडारपाल म्हणून आयुष्य गेलेला माणूस. कुठली वस्तू कुठल्या फळीवर ठेवायची, याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका नसायची.

"कुणाचं गाणं हे?"

खोटं बोलायचं नाही हाही माझा एक नियम. "मंगलच्या आईचं," मी म्हटलं. "तमाशात गायच्या. छान आहे, आप्पा. ऐकता का थोडं?"

त्यांनी पुढं येऊन टेप बंद केला. आवाज न चढवता मंगलला म्हणाले, "बाळ, तुझ्या आईचं गाणं तुझ्या घरी ऐकत जा. या घरात रोज पोथी वाचली जाते."

मंगलनं सूप उचललं. त्यातली अर्धी तूर न निवडलेलीच होती.

कांदेनवमीला 'गाणं सोड' म्हणाले ते यामुळे. आणि वर हेही म्हणाले, "सोडायचं म्हणजे मुळापासून. ज्या वाटेनं ते घरात आलं, ती वाटही बंद. चातुर्मासभर तिचं येणंजाणं नको."

माई वाढत होत्या. त्यांची पळी आमटीच्या पातेल्यावर जरा थांबली. पुन्हा चालू झाली.

मी म्हटलं, "नियम शास्त्राप्रमाणे पाळायचा ना, आप्पा?"

"अक्षरशः."

"आणि उद्यापन?"

आप्पांना फार बरं वाटलं. सून आडवेढे न घेता थेट उद्यापनाचं विचारते म्हणजे काय! "तेही शास्त्राप्रमाणे करू. कार्तिकात वासुदेवगुरुजींना बोलावू. मेहूण जेवायला घालू. तू म्हणशील ते मेहूण."

"बरं," मी म्हटलं.

त्यांनी टेपरेकॉर्डरवर एक पंचा टाकला आणि तो कपाटावर ठेवून दिला.

आषाढीपासून मी नियम धरला, आणि अक्षरशः धरला. सकाळी देवापुढे गोपद्मं काढताना गुणगुणायची सवय होती, ती ओठ दाबून मोडली. संध्याकाळी आप्पा टाळ घेऊन भजनाला बसले की मी उठून मागच्या पायरीवर जाऊन बसायची. दोन दिवस त्यांनी पाहिलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, "भजनाला का बसत नाहीस?"

"गाणं सोडलंय ना."

"अगं, भजन म्हणजे गाणं नव्हे."

"चाल असते ना त्याला, आप्पा? तुमचा सूर लागतो तेव्हा मला फार आवडतं. आणि आवडतं तेच सोडायचं, असं तुम्हीच म्हणालात."

त्यांच्या भजनाला घरात ऐकणारी मीच एक होते. माई तेव्हा स्वयंपाकघरात असायच्या, हे पाळीवर. महिनाभरात टाळ भिंतीच्या खिळ्याला गेले.

गणपतीत तर गंमतच झाली. मंडपाचा कर्णा नेमका आमच्या खिडकीकडे तोंड करून बांधलेला. मी आप्पांना विचारलं, "कानावर पडलं तर नियम मोडतो का हो?" आप्पांनी पोथ्या चाळल्या, मोडत नाही असं कुठं लिहिलेलं सापडलं नाही, आणि मग त्यांना स्वतः जाऊन मंडळाच्या पोरांना कर्णा फिरवायला सांगावं लागलं. पोरं मला बघून हात जोडायची. "काकू, एकदा उठवा तो तुमचा नियम. तुमच्यापायी बाप्पा मुका बसलाय."

मी हसून पुढं जायची. पण घरी येऊन माळ हातात घेतली की जड वाटायचं. कारण मंगल भेटायची ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी, आणि तिथं ती हसत नव्हती.

त्याआधी श्रावणातच एकदा मी तिच्या घागरीला हात लावायला गेले, तर तिनं घागर मागं घेतली.

"ऱ्हाऊ द्या. माजी आय वांगं हाय व्हय, वैनी, सोडून द्याया?"

दोघीतिघी बायका वळून बघायला लागल्या. मी हळूच म्हटलं, "वांगंसुद्धा कार्तिकात परत घरात येतं, मंगल."

"वांग्याला लाज न्हाई. मला हाय."

"तेव्हा मी बोलवायला येईन. तू आणि दिलीपभाऊजी. नाही म्हणू नकोस."

तिनं घागर डोक्यावर घेतली आणि निघाली. पण चार पावलांवर थांबली आणि मागं न बघता म्हणाली, "आयनं अंथरूण धरलंय." आणि निघून गेली.

तो चातुर्मास फार लांबला. त्या दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यातली ती जागा मनात यायला लागली की मी मोठ्यानं पाढे म्हणायची. मनातल्या मनात ऐकणं हेही ऐकणंच, असं मी धरलं होतं. मला पळवाट नको होती. मला नियम पुरा करायचा होता, त्यात कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये असा.

कार्तिकी द्वादशीला सकाळी कारखान्याचं बॉयलर पेटलं होतं. वसाहतीत नव्या रसाचा वास भरला होता. वासुदेवगुरुजी आले. गोल चेहऱ्याचे, खाण्याचे शौकीन, हसताना पोट हलवणारे. आप्पांनी पाट मांडून ठेवले होते आणि पितळेची एक नवी घंटा ताम्हनात ठेवली होती.

"हे काय?" गुरुजींनी विचारलं.

आप्पा म्हणाले, "सुनेनं गाणं सोडलं होतं. आता गाणं काही हातात देता येत नाही. म्हणून नादाचं प्रतीक."

मी स्वयंपाकघरातून तबक घेऊन आले. तबकात हौसाबाईंची कॅसेट होती. तिला हळदकुंकू लावलं होतं, वर तुळशीचं पान ठेवलं होतं.

आप्पा म्हणाले, "वैजयंती, घंटा आणलीय ना."

"घंटा मी सोडली नव्हती, आप्पा. घंटा रोज वाजवत होते."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, कॅसेटीकडे पाहिलं, वेष्टनावरच्या नथीतल्या बाईकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"सोडलं होतं ते हेच?"

"हेच, गुरुजी. सोडलेली वस्तूच द्यायची असते ना?"

"वस्तूच द्यायची असते. त्यात बदली चालत नाही." गुरुजी आप्पांकडे वळले. "पाटणकरांनी मागच्या साली वांगं सोडून भोपळा द्यायला काढला. परत पाठवला मी."

"पण गुरुजी," आप्पांनी घसा साफ केला, "ही कसली गाणी आहेत ते..."

तेवढ्यात दारात मंगल आणि दिलीप उभे राहिले. आदल्या संध्याकाळी मी तिच्या घरी अक्षत घेऊन गेले होते. तिनं अक्षत घेतली होती, बोलली मात्र नव्हती. येईल की नाही, मला खात्री नव्हती. दिलीपनं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मंगल उंबऱ्याबाहेरच थांबली होती, चप्पल पायातच ठेवून. परत फिरायला सोपं जावं म्हणून.

"यांना कुणी बोलावलं?" आप्पा हळूच म्हणाले. पण घर लहान होतं.

"मी. मेहूण म्हणून. तू म्हणशील ते मेहूण, असं तुम्ही म्हणाला होतात."

आप्पा पुढं आले. "मी असं म्हटलं तेव्हा..."

"आप्पासाहेब," गुरुजी म्हणाले, "दारात आलेलं मेहूण म्हणजे लक्ष्मीनारायण. आता बोलू नये."

मी तांब्या घेऊन उंबऱ्यापाशी गेले. "चप्पल काढ, मंगल."

"वैनी, नगं. तुमच्या घरात तुमास्नी तरास..."

"चप्पल काढ. पाणी कोमट आहे, गार होईल."

मी तिचे पाय धुतले. दिलीप लाजून मागं सरत होता, त्याचेही धुतले. दोघांना पाटावर बसवलं. मग कपाटावरून टेपरेकॉर्डर काढला, पंचा घडी करून आप्पांच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला, आणि तबक गुरुजींपुढे धरलं.

गुरुजींनी संकल्प सांगितला. मी उदक सोडलं. कॅसेट त्यांच्या हातात गेली.

"आता रीत अशी," ते म्हणाले, "वांगं दिलं तर घेणारा आधी खातो, मग देणारी. म्हणजे हे आधी मला ऐकावं लागणार. माझ्याकडे ते यंत्र नाही."

"आमच्याकडे आहे," मी म्हटलं. "दुसऱ्या बाजूचं दुसरं ऐका. आणि गुरुजी, हात मोकळे ठेवून."

गुरुजींनी पळीपंचपात्र बाजूला सारलं आणि खरंच दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

ढोलकी सुरू झाली. आप्पा खिडकीकडे तोंड करून उभे होते. बाई दारात येऊन बसली, वेणीफणी झाली, आणि ती जागा आली. ढोलकी थांबली. सूर तसाच उभा राहिला. मंगल पाटावर मान खाली घालून बसली होती.

गाणं संपलं. गुरुजींनी हात गुडघ्यांवरून काढले नाहीत. मग म्हणाले, "परत एकदा लाव गं. मधे गाडीचा भोंगा वाजला. ऐकणं अर्धवट राहिलं तर दानही अर्धवट."

मला तर भोंगा ऐकू आला नव्हता. मी परत लावलं.

दुसऱ्यांदा गाणं संपलं तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून माई म्हणाल्या, "गुरुजी, एक विचारू का?"

आम्ही सगळे वळलो. माई पाहुण्यांसमोर कधी बोलत नसत. पिठाचे हात तसेच पुढं धरून त्या चौकटीत उभ्या होत्या.

"विचारा की."

"नियम धरला आणि उद्यापन केलंच नाही, तर काय होतं?"

"तर नियम सुटत नाही. चालूच राहतो."

"असं?" माई म्हणाल्या. "म्हणजे माझा अजून चालूच आहे."

"कांद्याचा?" आप्पांनी विचारलं. ते खिडकीपासून वळले होते.

"गाण्याचा. लग्नानंतरच्या पहिल्या कांदेनवमीला तुम्ही मला हेच सांगितलं होतं. जे जास्त आवडतं तेच सोडायचं. मी सोडलं. मग कार्तिकी आली आणि गेली. उद्यापनाचं तुम्ही काढलं नाहीत. मला विचारायचं सुचलं नाही. हिला सुचलं."

घरात कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नाही. आईला गाता येतं हे त्यांनी त्या दिवशी, दारात पाळीचा डबा हातात घेऊन उभं असताना ऐकलं.

आप्पा खुर्चीत बसले. "मी तेव्हा... एका चातुर्मासापुरतं म्हटलं होतं," ते म्हणाले. "पुढं तू स्वतःच कधी..."

"स्वतः कसं सोडवणार? शास्त्राप्रमाणे पाळायचं होतं ना."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आप्पांना उत्तर तरी देता आलं असतं.

गुरुजींनी पाटावरून जरा पुढं सरकून विचारलं, "माई, दान काय देणार? पेटी वगैरे होती का?"

"पेटी नव्हती. गळा होता."

"मग एक गाणं द्या कुणाला. देणाऱ्याचा आवाज कसाही असला तरी चालतो. घेणारं माणूस मात्र जाणतं हवं."

माईंनी मंगलकडे पाहिलं. "तुझ्या आईची तब्येत कशी आहे?"

"भाळवणीत पडून हाय. उठवत न्हाई आता. आवाज बी गेला." मंगलनं पदरानं नाक पुसलं. "माई, एक सांगू? आयनं जलमभर गायलं. पुरुषांनी शिट्ट्या मारल्या, फेटं उडीवलं. पर बाईमाणसानं येऊन कवा सांगितलं न्हाई तिला, की हे आवडलं, आन् ह्या जागी आवडलं. ती म्हनती, बाया ऐकतच नसत्याल."

"बायका ऐकतात," माई म्हणाल्या. "दाराआडून ऐकतात. तिला निरोप धाड, उद्या दुपारी मी येते. कुठली जागा आवडली ते तोंडानं सांगते, आणि जमलं तर माझं एक देऊन येते."

"भाळवणीला?" आप्पा म्हणाले. "एकटी? या वयात तिथं जाऊन बसणार, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं लोक बघतील. तुम्ही जेवायला बसा, मेहूण खोळंबलंय."

आप्पा बसले. त्या पंगतीत गुरुजींनी वांग्याची भाजी चार वेळा मागून घेतली. मंगलनं जाताना आपली जुनी सुपाची जागा, मागची पायरी, एकदा बघून घेतली आणि मला म्हणाली, "उद्या तूर आनू का निवडाया?"

"आण," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माईंनी सगळं आवरून ठेवलं. पिशवीत नारळ, खण, थोडे तांदूळ घातले. हिरवं लुगडं नेसल्या. मी म्हटलं, "मी येऊ का सोबत?"

"नको. तुझं झालंय. हे माझं आहे."

मग देवापुढं उभ्या राहून त्यांनी हळूच एक सूर लावून पाहिला. तो फाटला. त्या थोडं पाणी प्यायल्या आणि त्यांनी तो खालच्या पट्टीत पुन्हा लावला. पुढच्या खोलीत आप्पांच्या हातातला पेपर कितीतरी वेळ उलटला नव्हता.

माईंनी चप्पल पायात घातली तेव्हा ते पेपरामागूनच म्हणाले, "एसटी नाक्यावर थांबत नाही हल्ली. उसाच्या गाड्यांची गर्दी असते. वळणावर उभी राहा."

"बरं," माई म्हणाल्या.

मी दारात उभी राहून बघत होते. उसानं भरलेल्या बैलगाड्यांच्या कडेनं, पिशवी पोटाशी धरून त्या चालल्या होत्या. वळणापर्यंत गेल्या, पदर सारखा केला आणि एसटीच्या दिशेला बघत उभ्या राहिल्या. इतक्या लांबून ऐकू काही येत नव्हतं. पण त्यांचे ओठ हलत होते.